पूर्वरूपाकडे परतणारे जीव : पुराणकथा, कोकणची लोकरंगभूमी आणि चित्रपटमालिका

बीजसंज्ञा : पूर्वरूप, शाप-उःशाप, दशावतार, नमन-खेळे, मुंजा, कथामालिका

प्रस्तावना

एखादी व्यक्ती सुधारण्याची चिन्हे दाखवते आणि काही दिवसांतच जुन्या वळणावर जाते, तेव्हा मराठी माणूस 'येरे माझ्या मागल्या' असे म्हणून मोकळा होतो. एखाद्याला मोठे पद मिळाले आणि ते गेले, तर सुशिक्षित वर्तुळात 'पुनर्मूषिको भव' हा संस्कृत शेरा ऐकू येतो. पहिल्या म्हणीत सवयीचा विचार आहे, दुसऱ्या शेऱ्यात जन्माचा. दोन्ही ठिकाणी गृहीत मात्र एकच आहे : प्रत्येक जीवाला एक मूळ रूप असते, पुढची सारी रूपे उसनी असतात आणि उसने कधीतरी परत करावे लागते.

कथेतील जीव पुढच्या रूपातून मागच्या रूपात परत जातो, ही कल्पना आज मुलांना परिचित झाली आहे ती प्रामुख्याने जपानी कार्टून मालिकांतून. 'पोकेमॉन' आणि 'डिजिमॉन' या मालिकांतील प्राणी रूपे बदलतात. त्यांपैकी काही पुन्हा पूर्वीच्या रूपात येतात. अशा एकाच कथाविश्वावर आधारलेले खेळ, मालिका, चित्रपट आणि पुस्तके मिळून एक मोठी कथामालिका तयार होते. परंतु मराठी भाषकाला कथामालिका नवी नाही. पुराणे, त्यांवरील कीर्तने, दशावतारी आख्याने, नमन-खेळे आणि पुढे चित्रपट अशी एकाच कथाविश्वाची अनेक माध्यमांतील वाटचाल कोकणात शतकानुशतके चालू आहे. या वाटचालीत जीव पूर्वरूपाकडे कसे परततात, कोणाच्या आज्ञेने परततात आणि त्या परतण्याला कथा कोणता अर्थ देते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शाप आणि त्याची मुदत

भारतीय कथापरंपरेत रूप बदलण्याचे सर्वांत परिचित कारण म्हणजे शाप, आणि पूर्वरूप मिळण्याचे कारण म्हणजे उःशाप. येथे एक गोष्ट सहसा दुर्लक्षित राहते. शाप देणारा बहुधा त्याच बैठकीत उःशापही देतो. म्हणजे शिक्षा उच्चारली जाते तेव्हाच तिची मुदत किंवा सुटकेची अट ठरते. अरण्यकांडातील विराध हा मूळचा तुंबुरू नावाचा गंधर्व. रामाच्या हातून मरण येताच तो आपल्या स्थानी परततो. डोके आणि मान धडात गेलेला कबंध रामलक्ष्मणांनी दहन केल्यावर तेजस्वी रूपात प्रकट होतो आणि सुग्रीवाचा ठावठिकाणा सांगतो. या राक्षसांचे मरण हे मरण नसून मुदत संपल्याची नोंद आहे.

याच अरण्यकांडातील मारीच मात्र वेगळ्या वर्गातला. त्याचे मृगरूप शापाचे नाही. त्याने सुवर्णमृगाचे रूप स्वतःच्या मायेने घेतले आहे. बाण लागताच त्याचे हरणाचे रूप गळून पडते आणि राक्षसाचे शरीर उघडे पडते. शापिताला पूर्वरूप मिळते, मायावीचे पूर्वरूप उघडकीस येते. पहिल्या प्रसंगी ती सुटका असते, दुसऱ्या प्रसंगी पंचनामा. मारीच इतका निष्णात, की हरणाचे कातडे सुटले तरी रामाचा उसना आवाज त्याने अखेरच्या क्षणापर्यंत सोडला नाही आणि पुढचे सारे रामायण त्या आवाजामुळे घडले.

शापकथांतील सर्वांत मोठा पट जय-विजय यांचा आहे. वैकुंठाचे हे दोन द्वारपाल सनकादिक ऋषींना दारात अडवतात आणि शाप ओढवून घेतात. भागवतानुसार ते पहिल्या जन्मी हिरण्यकशिपू व हिरण्याक्ष होतात, दुसऱ्या जन्मी रावण व कुंभकर्ण, तिसऱ्या जन्मी शिशुपाल व दंतवक्र. त्यानंतर ते आपल्या पूर्वीच्या जागेवर परततात. लोकप्रचलित कथेत त्यांना निवड दिली जाते : भक्त म्हणून सात जन्म घ्या किंवा वैरी म्हणून तीन. लवकर परतता यावे म्हणून ते वैर निवडतात. वराह, नृसिंह, राम आणि कृष्ण या चार अवतारांचे खलनायक एकाच सूत्रात ओवणारी ही रचना आजच्या कोणत्याही चित्रपटमालिकेच्या लेखकाला हेवा वाटावा अशी आहे. प्रत्येक भागात नवा खलनायक दिसतो, पण तो जुनाच असतो. आणि प्रत्येक वध त्याला घराच्या जवळ नेतो.

भागवताच्या आठव्या स्कंधातील गजेंद्रमोक्षात या विचाराला एक बारीक वळण मिळते. तेथील मगर म्हणजे देवल ऋषींच्या शापाने जलचर झालेला हूहू गंधर्व, आणि हत्ती म्हणजे अगस्त्यांच्या शापाने पशुयोनीत गेलेला इंद्रद्युम्न राजा. विष्णूने चक्र चालवल्यावर मगरीला तिचे गंधर्वरूप परत मिळते. हत्ती मात्र पुन्हा राजा होत नाही. त्याला विष्णूसारखेच रूप प्राप्त होते आणि तो त्याचा पार्षद होतो. एकाच सरोवरात, एकाच क्षणी, एकाला जुने रूप मिळते तर दुसऱ्याला अगदी नवे. ज्याने आर्त हाक मारली तो मागे न जाता पुढे गेला, हा भेद भागवतकारांनी जाणीवपूर्वक ठेवला असावा असे म्हणण्यास जागा आहे.

कथा सांगून मिळणारे रूप

या परंपरेतील एक विलक्षण कथा महाराष्ट्राच्या भूमीशी जोडलेली आहे. बृहत्कथेचा कर्ता गुणाढ्य हा प्रतिष्ठान म्हणजे आजच्या पैठणच्या सातवाहन राजाच्या दरबारातील पंडित मानला जातो. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने रचलेल्या कथासरित्सागरात त्याची हकीकत येते. शिवाने पार्वतीला सांगितलेली गोष्ट पुष्पदंत नावाचा गण चोरून ऐकतो. त्याला शाप मिळतो आणि त्याची रदबदली करणाऱ्या माल्यवानालाही मिळतो. पुष्पदंत वररुची म्हणून जन्मतो, माल्यवान गुणाढ्य म्हणून. विंध्यारण्यात काणभूती नावाचा पिशाच आहे. तोही मूळचा यक्ष. वररुचीने काणभूतीला कथा सांगितली की वररुची सुटणार, काणभूतीने ती गुणाढ्याला सांगितली की काणभूती सुटणार, आणि गुणाढ्याने ती जगात पसरवली की गुणाढ्य सुटणार.

रामायणातील राक्षसाला पूर्वरूपासाठी बाण लागतो. येथे श्रोता लागतो. गुणाढ्याची अडचण अशी, की राजाला सहा महिन्यांत व्याकरण शिकवण्याच्या पैजेत हरल्यामुळे त्याने संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडलेल्या असतात. (पैजेचे मूळही गमतीचे आहे. जलक्रीडेत 'पाणी मारू नका' असे राणी संस्कृतात म्हणते, राजा संधी चुकीचा सोडवतो आणि सेवकांकडून मोदक मागवतो. भाषेच्या प्राध्यापकांना हा प्रसंग दरवर्षी नव्याने भेटतो.) तो पैशाचीत, स्वतःच्या रक्ताने, सात लाख श्लोकांची कथा लिहितो. पिशाचांची भाषा म्हणून राजा तिचा अव्हेर करतो. गुणाढ्य एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवतो आणि अग्नीत टाकतो. राजा येऊन पोहोचेपर्यंत सहा लाख श्लोक जळालेले असतात. एक लाख उरतात. त्या उरलेल्या कथेवर गुणाढ्याची सुटका होते.

लेखकाला त्याचे मूळ रूप परत मिळावे यासाठी वाचक मिळणे ही अट घालणारी दुसरी इतकी स्पष्ट कथा शोधावी लागेल. मात्र या कथेतही मूळ रूप हे वरचे आहे. गण, यक्ष, गंधर्व, द्वारपाल हे सारे वरून खाली पडलेले आणि पुन्हा वर जाणारे जीव आहेत. खालून वर आलेल्याचे काय होते, हे पाहण्यासाठी दुसऱ्या कथांकडे वळावे लागते.

उंदीर, कुत्रा आणि कन्या

हितोपदेशातील गोष्ट सर्वपरिचित आहे. कावळ्याच्या तोंडून पडलेले उंदराचे पिल्लू ऋषी वाढवतो. मांजर त्याच्यामागे लागते, तेव्हा ऋषी त्याला मांजर करतो. मांजर कुत्र्याला भिते, म्हणून कुत्रा करतो. कुत्रा वाघाला भितो, म्हणून वाघ करतो. पुढे वाघ ऋषीलाच मारायला निघतो आणि पुन्हा उंदीर होतो. महाभारताच्या शांतिपर्वात हीच कथा कुत्र्याची आहे. तो बिबट्या, वाघ, हत्ती, सिंह आणि शरभ अशा पायऱ्या चढून अखेर कुत्रा होतो. भीष्म ही कथा युधिष्ठिराला सांगतात ती सेवक आणि अमात्य कसे नेमावेत या संदर्भात. म्हणजे तिचा मूळ हेतू प्राणिकथेचा नसून नेमणुकीच्या धोरणाचा आहे.

शाळेत ही कथा कृतघ्नतेची म्हणून शिकवली जाते. हितोपदेशातील तपशील लक्षपूर्वक वाचला तर मात्र चित्र बदलते. उंदराने बढती मागितलेली नाही. तो केवळ भ्यालेला आहे. शिवाय वाघ झाल्यावरही ऋषी त्याच्याकडे उंदीर म्हणूनच पाहतो, असे कथा स्पष्ट सांगते. आश्रमात येणारे-जाणारे लोक वाघाकडे बोट दाखवून म्हणतात, की हा मुळात उंदीर, ऋषींनी याला वाघ केले. हे ऐकून तो अस्वस्थ होतो. हा ऋषी जिवंत आहे तोवर आपल्या पूर्वरूपाची ही चर्चा थांबणार नाही, या विचारातून त्याच्या मनात हत्येची कल्पना येते. तिचे समर्थन होऊ शकत नाही. पण कथेतील कृतघ्नतेचे मूळ रक्तात नसून लोकांच्या बोलण्यात आहे, ही गोष्ट कथाकाराने स्वतः नोंदवलेली आहे. निरूपणकारांनी ती गाळली.

शापकथांशी तुलना केली तर आणखी एक फरक दिसतो. गंधर्वाला पशू करताना मुदत सांगितली जाते; उंदराला वाघ करताना काहीच सांगितले जात नाही. वरच्याची घसरण तात्पुरती, खालच्याची चढण अनिश्चित. जातिव्यवस्थेच्या समाजात ही विषमता केवळ कथेपुरती उरत नाही. शिकून पुढे आलेल्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याच्या किंवा सहकाऱ्याच्या एखाद्या चुकीवर 'शेवटी मूळावर गेला' असा शेरा येतो, तेव्हा शेरा मारणारा स्वतःला ऋषीच्या जागी बसवत असतो. तीच चूक प्रतिष्ठित घरातील व्यक्तीने केली तर 'वाईट वेळ आली' असे म्हटले जाते, म्हणजेच तिला मुदतीचा शाप मानले जाते. महाविद्यालयीन वर्गात या दोन्ही प्रकारच्या कथा शेजारीशेजारी ठेवून शिकवल्या जाणे म्हणूनच आवश्यक आहे. एकट्या उंदराच्या कथेवर नीतिपाठ देणे ही अध्यापनातील उणीव ठरते.

पंचतंत्राच्या 'काकोलूकीय' तंत्रातील मूषककन्येची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. ऋषीने उंदरीची मुलगी केली. उपवर झाल्यावर तिने सूर्य, मेघ, वायू, पर्वत असे एकेक वर नाकारले आणि उंदीर पाहताच तिला तो आवडला. तिने आपल्यालाही उंदीर करण्याची विनंती केली. येथे पूर्वरूप लादलेले नाही, निवडलेले आहे. तरीही कथेचा उपयोग कशासाठी होतो, हे पाहावे. घुबडांच्या राज्यात आश्रयाला आलेला स्थिरजीवी कावळा म्हणतो, की मला पुढच्या जन्मी घुबड व्हायचे आहे. त्याला उत्तर म्हणून मंत्री रक्ताक्ष ही कथा सांगतो. कावळा तो कावळाच, असा त्याचा आशय. रक्ताक्ष बरोबर ठरतो, कारण स्थिरजीवी खरोखरच घुबडांची गुहा जाळतो. मात्र तो जन्माने कावळा होता म्हणून नव्हे. तो शत्रूचा मंत्री होता आणि हेरगिरीसाठीच आला होता, म्हणून. रक्ताक्षाचा अंदाज अचूक होता, त्याने दिलेले कारण मात्र तपासून घेण्यासारखे आहे.

सोंग आणि बोजा

कोकणात ही सारी कथासृष्टी ग्रंथांपेक्षा रंगमंचावरून पोहोचली. 1981 मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत रत्नागिरी जिल्हा दक्षिणेला थेट गोव्याच्या सीमेपर्यंत पसरलेला होता. त्यामुळे उत्तरेकडील नमन-खेळे आणि दक्षिणेकडील दशावतार या दोन्ही परंपरा एकाच जुन्या जिल्ह्याच्या मानाव्या लागतात. दशावताराच्या पूर्वरंगाला 'आड दशावतार' म्हणतात. त्यात गणपती, सरस्वती, ब्रह्मदेव यांच्यासह संकासुर येतो. वेद चोरणारा आणि विष्णूच्या हातून मारला जाणारा हा असुर प्रेक्षकांना हसवतो, मालवणीत बोलतो आणि देवादिकांची फिरकी घेतो. उत्तररंगात आख्यान लागते. संवाद बहुधा लिहिलेले नसतात, नेपथ्य म्हणजे एक बाकडे. राक्षसाने राजाचे मायावी रूप घेतले तर रंगभूषा बदलण्याची गरज नसते; नट सांगतो आणि प्रेक्षक मानतात. रूपांतराचे सारे तंत्र तेथे बोलण्यात आणि मृदंगाच्या ठेक्यात असते.

नमन-खेळ्यांत आणि शिमग्यात रत्नागिरीकडे संकासुराचे स्थान अधिक जिव्हाळ्याचे आहे. काळा पोशाख, उंच निमुळती टोपी आणि कमरेला घुंगरू अशा वेषातील संकासुर अंगणात नाचतो तेव्हा मुले घाबरतात आणि त्याच्याच मागे धावतात. पुराणात त्याचा वध झालेला आहे. पण पुढच्या फाल्गुनात तो त्याच पोशाखात, त्याच चालीने हजर असतो. पुराणातील जीव एकदाच सुटतो. शिमग्यातील जीव दरवर्षी जुन्या रूपात परततो, आणि त्याने सुटावे अशी कोणाचीच इच्छा नसते. रावणाचे सोंगही नमनात असेच वर्षानुवर्षे येत राहते. जय-विजयांचा हिशेब तीन जन्मांत मिटला. कोकणातील गावांनी तो मिटू दिलेला नाही.

'सोंग' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. रूप मिळते, सोंग आणावे लागते. सगळी सोंगे आणता येतात पण पैशाचे सोंग आणता येत नाही, ही म्हण ज्या समाजात रुजली त्याला वेषामागील माणसाची ओळख पक्की होती. दशावतारी नटाबद्दल 'रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा' अशा अर्थाची म्हण दक्षिण कोकणात रूढ आहे. रात्रभर इंद्र किंवा दुर्योधन झालेला नट दहीकाल्यानंतर रंग पुसतो आणि आपले सामान डोक्यावर घेऊन पुढच्या जत्रेची वाट धरतो. हंगाम संपला की शेती किंवा मोलमजुरी. रंगमंचावरील शापिताला पूर्वरूप मिळते तेव्हा ती बढती असते. नटाला पहाटे मिळणारे पूर्वरूप हे उदरनिर्वाहाचे असते. लोककलेच्या अभ्यासात वेषभूषा आणि पदे यांची नोंद पुष्कळ झाली, या सकाळच्या रूपाची त्या मानाने कमी. 2025 मध्ये प्रदर्शित झालेल्या 'दशावतार' या मराठी चित्रपटात दिलीप प्रभावळकर यांनी वृद्ध दशावतारी कलावंताची भूमिका केली, ही या दृष्टीने स्वागतार्ह घटना होय.

उत्क्रांती हा शब्द

जपानी मालिकांकडे वळण्यापूर्वी एक शब्द तपासावा लागतो. 1996 मध्ये जपानमध्ये खेळाच्या रूपात सुरू झालेल्या पोकेमॉनमध्ये प्राण्याच्या रूपबदलाला इंग्रजीत उत्क्रांतीचाच शब्द वापरला जातो. प्रत्यक्षात एकाच जीवाच्या आयुष्यात होणारा हा बदल सुरवंटाचे फुलपाखरू होण्यासारखा आहे. म्हणजे ते रूपांतरण आहे. या खेळाचे जनक सातोशी ताजिरी यांना लहानपणी कीटक जमवण्याचा छंद होता, हे लक्षात घेतले तर त्याचा उगम कळतो. उत्क्रांती एका प्राण्याची होत नाही, पिढ्यांमधून समूहाची होते. प्राणिशास्त्राच्या शिक्षकांना हा गैरसमज वर्गात दूर करावा लागतो.

पोकेमॉनमधील बदल सामान्यतः एकमार्गी आहे. त्याला लक्षणीय अपवाद स्लोब्रोचा : शेपटीला चावून बसलेला शंखधारी जीव झटापटीत निसटला, तर तो पुन्हा साधा स्लोपोक होतो. 2013 पासून आलेल्या 'मेगा' रूपात लढाई संपताच जीव पूर्ववत होतो. 1997 मध्ये खिशातील खेळणे म्हणून आलेल्या आणि 1999 पासून दूरचित्रवाणी मालिका झालेल्या डिजिमॉनमध्ये मात्र मागे येणे हा नियमच आहे. अगुमॉन लढाईसाठी ग्रेमॉन होतो आणि शक्ती संपली की पुन्हा अगुमॉन, कधी त्याहूनही लहान. मृत्यूनंतर तो अंड्याच्या रूपात परततो. तेथे पूर्वरूपाला ना शिक्षेचा अर्थ आहे, ना मोक्षाचा. थकलेला जीव लहान होतो आणि त्याचा सोबती त्याला उचलून घेतो, एवढेच. उंदराच्या कथेवर वाढलेल्या वाचकाला हा निर्विकारपणा नवा वाटतो.

निसर्गात काय घडते? बेल्जियन पुराजीवशास्त्रज्ञ लुई डोलो यांनी 1893 मध्ये असे प्रतिपादन केले, की उत्क्रांतीत गमावलेली अवस्था जशीच्या तशी परत मिळत नाही. पूर्वजांचे एखादे सुटे लक्षण मात्र क्वचित डोके वर काढते. देवमाशात कधीकधी मागच्या पायांचे अवशेष आढळतात. 2006 मध्ये एका उत्परिवर्तित कोंबडीच्या गर्भात मगरीसारख्या दातांची सुरुवात दिसल्याचे संशोधकांनी नोंदवले. तो केवळ विसरलेल्या आराखड्यातील एक रेघ पुन्हा उमटण्याचा प्रकार. कोंबडी त्यामुळे मगर होत नाही. एकाच आयुष्यात मागे जाणारा जीव मात्र आहे. टरिटॉप्सिस डोर्नी ही काही मिलिमीटर आकाराची जेलीफिश उपासमार किंवा इजा झाल्यास प्रौढ अवस्थेतून पुन्हा तळाला चिकटलेल्या पॉलिप अवस्थेत जाते आणि तेथून नव्याने वाढते. हे संशोधन विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात पुढे आले. डिजिमॉनच्या अंड्याच्या सर्वांत जवळ जाणारे उदाहरण हेच म्हणावे लागेल.

बाहुला आणि मुंजा

मराठी चित्रपटात पूर्वरूपाचा ध्यास घेतलेले सर्वांत लोकप्रिय पात्र म्हणजे तात्या विंचू. महेश कोठारे दिग्दर्शित 'झपाटलेला' (1993) या चित्रपटात मृत्युंजय मंत्राच्या बळावर हा मरणासन्न गुंड एका बाहुल्यात शिरतो. त्यानंतर त्याची एकच धडपड उरते : बाहुल्यातून पुन्हा माणूस होणे, आणि त्यासाठी लक्ष्याचे शरीर मिळवणे. कथेची प्रेरणा 1988 च्या 'चाइल्ड्स प्ले' या अमेरिकी चित्रपटाची; बाहुला रामदास पाध्ये यांचा, भूमिका दिलीप प्रभावळकर यांची. तात्याला जे हवे आहे ते त्याचे स्वतःचे शरीर नव्हे, तर दुसऱ्याचे. विराध आणि कबंध यांना त्यांचेच रूप मिळाले, त्यासाठी दुसऱ्याला रिकामे व्हावे लागले नाही. तात्याची सुटका दुसऱ्याच्या देहावर अतिक्रमण केल्याशिवाय होत नाही, म्हणून तो खलनायक आहे. 2004 मध्ये लक्ष्मीकांत बेर्डे यांचे निधन झाले. 2013 च्या त्रिमितीय 'झपाटलेला 2' मध्ये तात्याचे लक्ष्य लक्ष्याचा मुलगा झाला. देहावरचा दावा वारसाहक्काने पुढच्या पिढीकडे जातो, ही कल्पना जय-विजयांच्या तीन जन्मांची उलटी छाया वाटते.

कोकणच्या भुताखेतांचा मोठ्या चित्रपटमालिकेत प्रवेश झाला तो 'मुंज्या'मुळे. आदित्य सरपोतदार दिग्दर्शित हा हिंदी चित्रपट जून 2024 मध्ये प्रदर्शित झाला. 'स्त्री' (2018) आणि 'भेडिया' (2022) यांच्याच कथाविश्वाचा तो भाग आहे. 'भेडिया'तील नायक रात्री लांडगा होतो आणि पुन्हा माणसात येतो. त्याचे दोन्ही रूपांत जाणे-येणे चालू राहते. मुंज्याला ही सोय नाही. लोकसमजुतीप्रमाणे मुंज झालेला पण सोडमुंज न झालेला मुलगा मरण पावला तर तो मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो. तो बालपणातून बाहेर पडलेला असतो, गृहस्थाश्रमात शिरलेला नसतो. मागे जावे तर बटूचे शरीर नाही, पुढे जावे तर विधी अपुरा. समंध, ब्रह्मराक्षस, गिऱ्हा या साऱ्यांत मुंजाबद्दल भीतीबरोबर कणव दिसते ती यामुळेच. चित्रपटाने त्याचा लग्नाचा हट्ट पकडला, 1952 मधील प्रसंगापासून नातवंडांपर्यंत तो ताणला आणि संगणकीय चित्रणाने त्याला पालापाचोळ्याच्या अंगाचा खोडकर जीव केले. विनोद आणि भय यांचे मिश्रण साधले. कणव मात्र बरीचशी मागे राहिली.

लोकपरंपरेने या अडकलेल्या जीवासाठी वेगळा तोडगा काढलेला आहे. महाराष्ट्रात ठिकठिकाणी पिंपळाखाली शेंदूर लावलेला दगड असतो आणि त्याला मुंजोबा किंवा मुंजाबा म्हणतात. त्याच्या नावाची देवळे आहेत, पुण्याच्या परिसरात तर त्याच्या नावाची वस्तीही आहे. त्याला कोणी शापमुक्त करत नाही, पूर्वरूप देत नाही आणि बाटलीत किंवा बाहुल्यात कोंडतही नाही. ज्या रूपात तो थांबला त्याच रूपात त्याला जागा आणि मान दिला जातो.